वारंगा फाट्यावर चुन्यानं आखलेली गाडी

अकरा प्रश्नांचा तो कागद माझ्या हस्ताक्षरातला होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. गाड्यांची कामं करून देणाऱ्या कंपन्यांना मी तो पोस्टानं पाठवला होता. पहिला प्रश्न: तुमच्या कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळते का? दुसरा: पुरेसं वेतन देता का? तिसरा: कामगारांची संघटना आहे का, नसल्यास का नाही? असं करत करत अकरावा: काम देताना जात-धर्म बघता का? या अकरा प्रश्नांत गाडीविषयी एकही प्रश्न नव्हता. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही आलं नाही, कारण कागदाची भाषा इतकी कडक होती की वाचणारा आधी आपलंच काही चुकलंय का ते आठवत बसे.

माझं वाढणंच पत्रकांवर झालेलं. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. संपाची, मोर्चाची, धरण्याची उरलेली पत्रकं घरी यायची आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचो. त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या आधी मला ‘जाहीर निषेध’ वाचता आलं. अशा माणसाला पुढे नोकरी कोण देणार? हिंगोलीतल्या एका आरोग्य संस्थेनं दिली. जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, गावात नव्या कचेऱ्यांच्या पाट्या रंगत होत्या, आणि मी तेविसाव्या वर्षी पूर्णवेळ कार्यकर्ता म्हणून तांड्या-तांड्यांवर फिरत होतो.

आमचं काम साधं होतं. डोंगराकडेच्या सतरा तांड्यांवर गरोदर बायांची तपासणी, लेकरांची वजनं, आणि वेळ आलीच तर बाळंतपण. काम ‘आमचं’ म्हणायचं, पण ते करायच्या कमल सिस्टर. मी रजिस्टर भरायचो. सिस्टर वाशिमकडच्या, पंचेचाळिशीच्या, अंगानं बारीक आणि आवाजानं मोठ्या. तांड्यावरच्या बाया त्यांना ‘याडी’ म्हणायच्या, म्हणजे आई. जीपनं सकाळी जायचं, संध्याकाळच्या जीपनं परत यायचं. मुक्काम करायचा तर कुणाच्या तरी घरात किंवा शाळेच्या ओसरीवर. आंघोळीला आडोसा नाही, बाहेर जायला अंधाराची वाट बघायची.

आदल्या वर्षी एका तांड्यावर शांताबाई नावाच्या बाईचे दिवस भरत आले होते. सिस्टरांना राहायचं होतं, पण झोपायला जागा मिळेना. शेवटच्या जीपनं त्या परत आल्या. त्याच रात्री शांताबाई अडली. तिला बैलगाडीतून रस्त्यापर्यंत आणेस्तोवर बाळ गेलं. सिस्टर यावर कधी बोलल्या नाहीत. चार महिन्यांनी त्यांनी एक लिफाफा आणून आमच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टर म्हणजे संस्थेचे प्रमुख.

“हे अकोल्याच्या दवाखान्याचं पत्र हाय. पोळ्यापर्यंत वाट पाहतो म्हनतात ते.”

“सिस्टर, तुम्ही गेल्यावर तांड्यांवर कोण जाईल?”

“मी कुठं म्हनलं मी चालली? मी म्हनलं पोळ्यापर्यंत. मले झोपायले जागा द्या, आंग धुवायले आडोसा द्या, अन् दाराले आतून कडी द्या. मंग मले धक्के मारून काढलं तरी जानार न्हाई.”

संस्थेला कुणीतरी एक जुनी, लांब व्हॅन दिली होती. ती अंगणात कोंबड्यांना सावली देण्यापलीकडे काही करत नव्हती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. या व्हॅनमध्ये सिस्टरांचं घर आणि दवाखाना बसवायचा, असं ठरलं. परदेशात हौसेनं फिरणारे लोक अशी गाडी करून घेतात, तिला कॅम्पर म्हणतात, हे मला तेव्हाच कळलं.

“कंपनी तू निवड,” डॉक्टर म्हणाले. “तू तत्त्वाचा माणूस आहेस. मी निवडली तर तू माझ्याविरुद्ध पत्रक काढशील.”

ते चेष्टेनं म्हणाले. मी गंभीरपणे घेतलं आणि अकरा प्रश्न काढले. वर कार्यकारिणीत एक ठरावही मांडला: अकरा प्रश्नांची लेखी उत्तरं दिल्याशिवाय कुणालाही काम मिळणार नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला. मंजूर झालेला ठराव पुढे कुणाच्या पायात येतो, याची पत्रकांत कुठं माहिती नसते.

पहिली कंपनी मोठ्या शहरातली. तिच्या प्रतिनिधीनं प्रश्नांना उत्तर न देता रंगीत पुस्तिका पाठवली आणि मागोमाग स्वतःही आला. पुस्तिकेवर समुद्रकाठी उभी गाडी, तिच्यासमोर दोन आरामखुर्च्या, त्यांत दोन गोरी माणसं आणि एक झुपकेदार कुत्रं. आमचा ड्रायव्हर उत्तम राठोड स्वतः तांड्यावरचा. त्यानं बराच वेळ चित्र निरखलं.

“भाऊ, ह्यांना घरदार हाय न्हव?”

“आहे की.”

“मंग उघड्यावर काहून राहून राहिले?”

“लाइफस्टाइल आहे ती,” प्रतिनिधी म्हणाला.

“व्हय का? आमच्याकडं ऊसतोडी म्हनतेत तिला.”

प्रतिनिधीनं पुस्तिका पिशवीत घातली. ती कंपनी तिथंच संपली.

दुसरा प्रस्ताव कनेरगाव नाक्यावरच्या एका धाब्यावर आला. गुटख्याचा एक विक्रेता म्हणाला, गाडीचं सगळं काम फुकट करून देतो. फक्त दोन्ही बाजूंना आमचं नाव आणि मागच्या दारावर पुडीचं चित्र. गरोदर बायांच्या गाडीवर गुटख्याची पुडी! मी खाटेवरून उठलो आणि त्याला वीस मिनिटं सुनावलं. भांडवल, नफा, तोंडाचा कर्करोग, सगळं. धाब्यावरचे लोक जेवण थांबवून ऐकत होते. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, बाजूला पिंक टाकली आणि विचारलं, “बोलता लई भारी. आमच्या प्रचाराच्या गाडीवर येता का? माइक देतो.”

तिसऱ्या कंपनीनं मात्र मला जिंकलं. अकराच्या अकरा प्रश्नांची टाइप केलेली उत्तरं. संघटनेच्या प्रश्नाला उत्तर होतं, ‘होय, आहे, आणि तिच्याशी आमचे मतभेदही आहेत.’ किती प्रामाणिक! मी ते पत्र तीनदा वाचलं. गाडीत काय हवं ते कळवा, असंही त्यांनी विचारलं होतं. मी उलट टपाली कळवलं: तपासणीचं टेबल, कपाट, शेगडी, पाण्याची टाकी, संडास आणि मोरी. झोपण्यासाठी वेगळी जागा नको, तपासणीचं टेबलच रात्री पलंग म्हणून वापरता येईल. हा दुहेरी उपयोग मलाच सुचला होता. पुढच्या आठवड्यात नकाशा आला. मी कार्यकारिणीसमोर अर्धा तास बोललो. कंपनीची निवड झाली, टाळ्याही पडल्या. सिस्टर त्या दिवशी तांड्यावर होत्या. त्या नाहीत हे कुणी बोललं नाही, कारण आमच्या बैठकांना त्या नसायच्याच.

जुलैच्या सुरुवातीला मी आणि उत्तम व्हॅन घेऊन निघालो. कंपनी नांदेडच्या पुढं होती. सिस्टरांना नांदेडला औषधं घ्यायची होती म्हणून त्या मागं बसल्या. आखाडा बाळापूर मागं पडलं आणि वारंगा फाट्याच्या अलीकडे गाडी एका अंगाला बसली. चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला होता. ढकलत, खुरडत ती फाट्यावर आणली. पाटा बदलणारा शेजारीच होता. त्याच्या बाजूच्या मोकळ्या अंगणात रहीम मिस्त्री ट्रकच्या बॉड्या बांधायचे.

ट्रक कंपनीतून येतो तेव्हा त्याला पुढचं तोंड, चाकं आणि मध्ये नुसता लोखंडी सांगाडा असायचा. त्यावर लाकूड, पत्रा, फाळके बसवून मालाचा ट्रक करणं, हे बॉडी बांधणाऱ्याचं काम. मिस्त्री साठीचे, पांढरी दाढी, कानामागं पेन्सिल. आमचा पाटा होईपर्यंत ते येऊन माझ्या हातातल्या गुंडाळीकडे बघत उभे राहिले.

“नकाशा हाय का साब? दाखवा की.”

मी दाखवला. त्यांनी कागद उलटा धरला. मी सरळ करून दिला. त्यांनी परत उलटा केला.

“बराबरच धरलाय. मी दरवाज्याकडून बघत असतो. ह्यात राहनार कोन?”

“आमच्या सिस्टर.”

“बाई, तुमाला पसंत हाय का हे?”

सिस्टर टपरीवरचा चहा घेऊन येत होत्या. त्यांनी कागदाकडे मान वाकवून बघितलं. “मी आजच पाहून राहिली. मले कोनं दाखवलं?”

उत्तमनं तोंड फिरवून गाडीच्या टायरकडे बघितलं. मी म्हणालो, “तुम्ही तांड्यावर होतात, सिस्टर.”

“मंग काय, मी तांड्यावरच असते.”

मिस्त्रींनी आत जाऊन फक्कीची पाटी आणली. मैदान आखायला वापरतात तो चुन्याचा भुगा. टेप लावून, नकाशातली मापं मला वाचायला सांगून, अंगणाच्या मातीत त्यांनी आमची गाडी आखली. खऱ्या मापाची, टेबल, कपाट, संडास सगळ्यासकट. त्यांची कामाची रीतच ती होती. ट्रकवाला आला तरी आधी असंच आखायचं, ड्रायव्हरला रेघांच्या आत झोपवायचं, उठवायचं, मग लाकडाला करवत लावायची. नियम एकच: आत-बाहेर जायचं ते दरवाज्यातून.

“या बाई. तुमचं घर हाय. दिवसभर काय काय करता ते करून दाखवा.”

सिस्टरांनी चप्पल दाराबाहेर काढली आणि त्या आत गेल्या. मी त्यांच्यामागं गेलो. टपरीवरून चार-पाच ड्रायव्हर ओरडले, “ओ भाऊ! भिंतीतून गेलात!” मला मागं येऊन दारातून जावं लागलं. फाट्यावर तेवढ्या वेळात बरीच मंडळी जमली. फुकटचा तमाशा कोण सोडणार?

तपासणीच्या टेबलाच्या जागी फळी टाकली होती. सिस्टर तिच्यावर आडव्या झाल्या. पाय भिंतीबाहेर गेले.

“अन् हे टेबल म्हनजेच पलंग का?”

“दुहेरी उपयोग,” मी म्हणालो. माझाच आवाज मला बारीक वाटला.

“दिवसभर ज्याच्यावर बायांचं रक्त पडते, त्याच्यावर मी झोपू? तुम्ही झोपसान का, भाऊ?”

एका ड्रायव्हरनं “न्हाई झोपनार!” असं परस्पर उत्तर दिलं.

मग गरोदर बाई चढते कशी ते बघायचं होतं. मिस्त्रींनी पायरीच्या उंचीइतक्या विटा रचल्या. पोटाला गोणपाट बांधून उत्तमला आठव्या महिन्याचा केला. तो विटांवर चढताना दोनदा कोलमडला. आत गेला तर टेबल आणि कपाटाच्या मध्ये पोट अडकलं, ना पुढं ना मागं.

“याडी, आता काय करू?” त्यानं बायकी आवाजात विचारलं.

“काई करू नको. हितंच होऊन जा मोकळी.”

सगळा फाटा हसला. मीही हसलो. मग सिस्टर दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात हवेत धरला. “अन् कडी?”

मी नकाशा उलटा-सुलटा करून बघितला. बाहेरून कुलपाची सोय होती. आतून काहीच नव्हतं. सिस्टरांनी पहिल्या दिवशी तीन गोष्टी मागितल्या होत्या. झोपायची जागा मी रद्द केली होती आणि कडी कळवायला विसरलो होतो. कंपनीचा यात काडीचाही दोष नव्हता. मी लिहिलं ते त्यांनी काढलं.

त्यानंतर दोन तास सिस्टर चपलेनं रेघा पुसत होत्या आणि मिस्त्री नव्या ओढत होते. पलंग मागं आडवा गेला. संडास-मोरी कोपऱ्यात, संडासाची टाकी काढायला बाहेरून उघडणारं झाकण. शेगडी दाराजवळ. मिस्त्री मधून मधून मलाही शिकवत होते. गाडीत दोन वजनं बघायची, उभ्या गाडीचं आणि पळत्या गाडीचं. पाण्याची टाकी एका बाजूला ठेवली तर वळणावर पाणी गाडीला ओढतं, म्हणून ती मधोमध, पलंगाखाली. शेवटी सिस्टर आपल्या पलंगाच्या रेघेत मांडी घालून बसल्या, चहा आत मागवला आणि पोऱ्या नसल्यानं टपरीवाल्यानं स्वतः दारातून आत येऊन दिला.

“ही पायजे मले,” सिस्टर म्हणाल्या. “होते का पोळ्यापर्यंत?”

“सात हप्ते. होते.”

आणि मग माझा ठराव माझ्याच समोर येऊन उभा राहिला. मी खिशातून अकरा प्रश्न काढले. मिस्त्रींना लेखी उत्तरं द्यावी लागतील असं सांगितलं.

“मराठी बोलतो, थोडी वाचतो. लिहिता येत न्हाई.”

“तुम्ही सांगा, मी लिहितो. तुम्ही खाली सही करा.”

“जे मी लिहिलं न्हाई त्याच्यावर सही न्हाई करत. उसूल हाय.”

उसूल म्हणजे तत्त्व. आजवर तो शब्द मी इतरांना ऐकवत आलो होतो.

“मग लिहिता कशात?”

“उर्दूत. आणा तो कागद.”

मी एकेक प्रश्न वाचला, ते मागच्या बाजूला लिहीत गेले. अकरा झाल्यावर म्हणाले, घरी परत वाचून, विचार करून पूर्ण करतो, तुमच्या मीटिंगला स्वतः घेऊन येतो. आम्ही व्हॅन वळवून हिंगोलीला परत आणली. कंपनीला फोन केला, चार दिवस थांबा.

ते चार दिवस मी नीट जेवलो नाही. कार्यकारिणीनं नियमावर बोट ठेवलं तर? नियम माझाच. कंपनीची गाडी आली असती तर सिस्टर तिच्यात एकदा बघून अकोल्याची एस.टी. धरणार होत्या, हे मला चुन्याच्या रेघांइतकं स्वच्छ दिसत होतं.

बैठकीला या वेळी सिस्टरांना मी हट्टानं बोलावलं. मिस्त्री इस्त्रीचा सदरा घालून आले, कागद ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. मी उभा राहून सांगितलं की माझी निवड चुकली. कशी चुकली तेही सांगितलं, गोणपाटासकट. एक सदस्य कागद उचलून म्हणाले, “ते ठीक आहे. पण ठराव लेखी उत्तरांचा आहे. ही भाषा वाचणार कोण?”

“आण इकडे,” अध्यक्ष म्हणाले.

आमचे अध्यक्ष गुरुजी तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. निजामाच्या काळात त्यांची सगळी शाळा उर्दूतून झालेली. हे आम्हाला कानावरून माहीत होतं, पण कधी आठवायची वेळ आली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, जवळ धरला. त्यांचा चेहरा उजळला.

“अक्षर काय सुरेख आहे! कुठं शिकलात?”

“वालिदसाहेबांकडं. वडलांकडं.”

गुरुजी उर्दूतून वाचत आणि मराठीत सांगत गेले. आठवड्याची सुट्टी? शुक्रवारी, कितीही घाई असली तरी. वेतन? आम्ही दोघं भाऊ सारखं घेतो, वेल्डिंगवाला आमच्यापेक्षा जास्त घेतो, कारण त्याचं काम आमच्यापेक्षा चांगलं आहे. संघटना? आम्ही तिघंच, त्यातले दोघं एका बाजूला झाले की तिसऱ्याला ऐकावं लागतं. जात-धर्म? अंगणात ट्रक येतो, मी ट्रकचा नंबर विचारतो. गुरुजी प्रत्येक उत्तराला खुशीत मान हलवत होते. अकरावं झाल्यावर ते थांबले.

“खाली आणखी एक आहे. ‘साहेबांनी अकरा विचारले, मला एक विचारायचा आहे. तुमच्या बाईंना सुट्टी कोणत्या वारी?’”

गुरुजींनी तीच ओळ परत उर्दूत वाचली, हळू. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे, रविवारी आपलं ऑफिस बंदच असतं.”

“ऑफिस बंद असते,” सिस्टर म्हणाल्या. “रविवारी बाया घरी सापडतात म्हनून मले तुम्हीच पाठवता.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत, सिस्टर.”

“बोलली असती तर तुम्ही दिली असती, हे मले ठावं हाय. तीन वर्सं वाट पाहिली, कोनाच्या ध्यानात येते का. ह्या भाऊंनी तर साऱ्या दुनियेच्या कामगारांची सुट्टी विचारली.”

त्या रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं सांगत होत्या. मी त्या क्षणी जे शिकलो ते कुठल्या पत्रकात आलं नव्हतं, पण माझ्याच अकरा प्रश्नांच्या पहिल्या ओळीत होतं.

दोघांनी विरोध केला तरी मिस्त्रींना काम मिळालं. गुरुजींनी सुट्टीचा वार तिथंच विचारला. सिस्टर म्हणाल्या, बुधवार. का? “बाजारात बाया मले गाठतात, बुधवारी कुठंच बाजार नसते. कोनाले माह्यी आठवन येनार न्हाई.” अडलेल्या बाईसाठी मात्र कुठलाही वार चालेल, हे त्यांनी स्वतःच जोडलं.

ज्या कंपनीला मी नकार कळवला तिला माफीचं लांबलचक पत्र लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: पुढच्या वेळी राहणाऱ्या माणसाशी आम्हालाही बोलू द्या. भली माणसं होती. त्यांना दिलेला त्रास मला अजून टोचतो.

मिस्त्रींनी कामाला हात घातला. पत्र्याचा डबा उन्हात भट्टी होतो, म्हणून पत्रा आणि प्लायवूडच्या मध्ये थर्माकोल. वर दोन झडपा, एक हवा आत घेणारी, एक बाहेर टाकणारी. तीन घडीच्या पायऱ्या, बाजूला धरायला दांडा. प्रत्येक टप्प्याला उत्तमला गोणपाट बांधून चढवत. तो म्हणायचा, माझ्या बायकोला झालं नाही इतकं मला झालं. पावसानं आणि जाणाऱ्या विजेनं आठवडाभर काम अडलं. पोळा जवळ आला तसा माझा जीव वर-खाली व्हायला लागला. एका शुक्रवारी मी तणतणत फाट्यावर पोचलो, तर अंगणाला साखळी. मिस्त्रींचा भाऊ शेजारी न्हाव्याच्या टपरीवर दाढी करून घेत बसला होता.

“अहो, दिवस किती राहिले! आज काम बंद कसं काय?”

त्यानं साबण लावलेलं तोंड फिरवलं. “पयला सवाल तुमचाच होता ना, भाऊ?”

मी त्याच पावली एस.टी.नं परत आलो.

त्या गाडीनंतर लोक मला विचारायला येऊ लागले. फिरतं वाचनालय, डोळे तपासणीची गाडी, दोन-चार कामं माझ्या हातून झाली. सगळ्यांना मी आधी मिस्त्रींच्या अंगणात उभं केलं. एक निवृत्त तलाठी बायकोला घेऊन भारत फिरायचं म्हणून आले होते. रेघांच्या आत पंधरा मिनिटं गेली नाहीत तोच दोघांचं भांडण जुंपलं. बाई तरातरा निघून गेल्या, भिंतीतून. तलाठी मिस्त्रींचे हात धरून म्हणाले, वाचवलंत. आता ट्रकच्या बॉड्याही कारखान्यातून तयार येतात. मिस्त्रींनी अंगण मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं दिलंय. त्यांच्याकडून ते आखणं मी नीट शिकून घ्यायला हवं होतं.

तर आमची गाडी. पोळ्याच्या दोन दिवस आधी ती पास होऊन आली. तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं, हा दवाखाना की घर? सिस्टर म्हणाल्या, आतून कडी लावली की घर. त्यांनी गाडी आतून-बाहेरून बघितली, पाणी सोडून बघितलं, पलंगावर बसून बघितलं आणि आपली ट्रंक ठेवून तांड्यावर निघून गेल्या. अकोल्याबद्दल अक्षर नाही. डॉक्टर मला विचारायचे, मी उत्तमला. उत्तम म्हणायचा, “तुमीच विचारा की, तुमाला सवाल लई येतेत.”

पोळा झाला. पुढचे सहा दिवसही गेले. मला राहवेना. मी एस.टी.नं आणि पुढं पायी शांताबाईच्या तांड्यावर गेलो. गाडी चिंचेखाली उभी होती. तिच्यापासून झाडापर्यंत दोरी बांधून सिस्टरांचं लुगडं वाळत घातलं होतं. आत रेडिओ लागला होता. घडीच्या पायरीवर शांताबाई शेंगा फोडत बसली होती. तिला पुन्हा पाचवा महिना होता.

मी हाक मारली. रेडिओ बारीक झाला.

“कोन हाय?”

“मी आहे, सिस्टर. ते अकोल्याचं काय ठरलं, तेवढंच विचारायला आलो.”

आत पलंग करकरला. मग: “शांते, भाऊले सांग, आज बुधवार हाय. सिस्टर घरी न्हाई.”

शांताबाईनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि चेहऱ्यावरची रेघ न हलवता मला सांगितलं, “याडी घरी न्हाई.”

रेडिओ पुन्हा मोठा झाला. तांड्याच्या नाईकांच्या ओट्यावर मी चहा घेतला आणि डॉक्टरांना फोन करायला रस्त्याकडे निघालो. फोनवर काय सांगायचं ते वाटेत दोनदा जुळवून बघितलं. शेवटी जसं होतं तसंच सांगितलं: सिस्टर राहिल्या. आज घरी नाहीत.